उत्तर देताना शेजारी कोण बसलं होतं?

बायको न सांगता घराबाहेर गेली, तर नवऱ्यानं तिला मारणं योग्य आहे का? घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं तर? उलट बोलली तर? शरीरसंबंधाला नाही म्हणाली तर? स्वयंपाक नीट केला नाही तर? तिच्या वागण्याचा संशय आला तर? सासरच्यांचा मान ठेवला नाही तर?

हे सात प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत यांपैकी निदान एका प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया निघाल्या ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के. सर्वांत जास्त ‘हो’ मिळाले ते शेवटच्या प्रश्नाला. सासरच्यांचा मान न ठेवणं हे मार खाण्याइतकं मोठं कारण आहे, असं ३२ टक्के स्त्रियांनी सांगितलं. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा देशाच्या जवळपासच आहे, ४४ टक्के.

हे आकडे वर्तमानपत्रात आले की दोन प्रकारची माणसं बोलू लागतात. एकाला वाटतं, बघा, बायकांनाच हे मान्य आहे, मग इतरांनी ओरडायचं कशाला? दुसऱ्याला वाटतं, आमच्या घरात, आमच्या ओळखीत असं कुणी म्हणत नाही, तेव्हा पाहणीच खोटी. दोघंही एक गोष्ट विसरतात. पाहणी माणसाच्या मनात उतरून मत उचलून आणत नाही. एका ठरावीक दिवशी, ठरावीक शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला, कुणा अनोळखी माणसाला, कुणाच्या तरी कानावर पडेल अशा आवाजात दिलेलं उत्तर ती नोंदवते. या प्रत्येक गोष्टीनं उत्तर बदलतं. म्हणून आरोग्याबद्दल आणि समाजाबद्दल लोकांना काय वाटतं हे जाणून घ्यायचं असेल, तर आकड्याच्या आधी प्रश्न वाचायला शिकलं पाहिजे. ते शिकलं, की याच पाहण्या आपल्याबद्दल इतकं काही सांगतात, जितकं आपण स्वतःहून कधीच कबूल करणार नाही.

सात प्रश्नांकडेच पुन्हा पाहू. ‘तुझ्या नवऱ्यानं तुला मारावं का’ असं तिथे कुणी विचारत नाही. ‘नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का’ असं विचारलं जातं. माझ्या मते बाई या प्रश्नाला स्वतःच्या इच्छेचं उत्तर देत नाही, ती ज्या घरात राहते त्या घराचा नियम सांगते. लहानपणापासून आईला, काकूला, शेजारणीला कशासाठी मार बसला हे तिनं पाहिलेलं असतं. नियम मोडल्याची किंमत तिलाच द्यावी लागते, त्यामुळे तो नियम तिला नवऱ्यापेक्षा जास्त नेमका ठाऊक असतो. तिचं ‘हो’ ही मारझोडीला दिलेली संमती समजणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

आता हेच उत्तर काळाच्या ओघात पाहा. १९९८-९९ साली, दुसऱ्या फेरीत, कारणांची यादी थोडी वेगळी आणि सहाच कारणांची होती. तेव्हा निदान एक कारण मान्य करणाऱ्या स्त्रिया होत्या ५६ टक्के. २००५-०६ मध्ये ५४, २०१५-१६ मध्ये ५२, आणि नंतर ४५. वीस वर्षांत अकरा टक्क्यांची उतरण, तीही बरीचशी शेवटच्या टप्प्यातली. पुरुषांचा आकडा ५१ वरून ४२ वर आला आणि पुन्हा ४४ वर गेला. मधल्या काळात मुली शाळेत गेल्या, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, हातात मोबाइल आले. तरीही या नियमाची पकड किती सावकाश सुटते आहे, हे या चार आकड्यांइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही.

राज्यांमधला फरक तर चक्रावून टाकणारा आहे. हिमाचल प्रदेशात १५ टक्के स्त्रिया मारण्याचं एखादं कारण मान्य करतात, तेलंगणात ८४ टक्के. साक्षरतेत आघाडीवर असलेल्या केरळमध्ये ५२ टक्के. शिक्षण वाढलं की सगळं आपोआप सुधारेल, असं मानणाऱ्यांनी केरळच्या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. मुलगी किती शिकली याच्याइतकंच, लग्नानंतर तिच्या हातात पैसा किती, माहेरचं दार तिच्यासाठी उघडं किती, या गोष्टींनाही वजन आहे.

या पाहणीचं मुख्य घर मुंबईत आहे. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली स्थापन झाली आणि १९९२-९३ पासून आजवरच्या या फेऱ्यांची सूत्रं तिच्याकडे आहेत. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६ लाख ३६ हजार ६९९ घरं, ७ लाख २४ हजार ११५ स्त्रिया आणि १ लाखावर पुरुष यांच्याशी बोलणं झालं. मध्येच कोविड आला आणि काम दोन टप्प्यांत करावं लागलं. महाराष्ट्राचं काम पहिल्या टप्प्यात, साथीच्या आधी पुरं झालं होतं.

एवढ्या मोठ्या देशात सहा लाख घरं म्हणजे काय, असा प्रश्न पडेल. शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो, पण ती खरी ठरते ती भात नीट ढवळलेला असला तरच. पाहणीतलं ढवळणं म्हणजे घरांची निवड. निवडलेल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या सगळ्या घरांची आधी यादी होते, आणि त्या यादीतून ठरावीक पद्धतीनं घरं काढली जातात. निवडलेल्या घराला कुलूप असेल, तर शेजारच्या घरी जाऊन भागत नाही. पुन्हा त्याच दारात यावं लागतं. दिवसा भेटतात त्यांनाच विचारून मोकळं झालं, तर कामावर जाणारी माणसं सुटतात, आणि मग सहा लाखांऐवजी साठ लाख घरं घेतली तरी चित्र वाकडंच राहतं. म्हणून टीव्हीवरच्या ‘तुमचं मत कळवा’ छापाच्या कौलात कितीही लाख लोकांनी बटण दाबलं, तरी त्याला पाहणी म्हणता येत नाही. ज्याला राग आला आहे आणि ज्याच्याकडे वेळ आहे, तोच तिथे मत देतो.

घर निवडलं, बाई भेटली. पुढे खरी कसोटी प्रश्नाची. १९९८-९९ च्या फेरीत स्त्रियांना विचारलं गेलं की, वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कुणी तुम्हाला मारहाण केली आहे का? १९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याचं नाव घेतलं. सात वर्षांनी, २००५-०६ मध्ये, प्रश्न बदलला. ‘मारहाण’ असा एक ढोबळ शब्द वापरण्याऐवजी एकेक कृती विचारली गेली. नवऱ्यानं कधी ढकललं का? थोबाडीत मारली का? हात पिरगाळला, केस ओढले? लाथ मारली, फरपटत नेलं? गळा दाबला, चटका दिला? या वेळी नवऱ्याकडून शारीरिक हिंसा झालेल्या स्त्रिया निघाल्या ३५ टक्के, आणि त्यातली बहुतेक हिंसा थोबाडीत मारण्याची होती.

सात वर्षांत देशातले नवरे दुपटीनं हिंसक झाले, असं कुणी म्हणणार नाही. झालं इतकंच की, थोबाडीत बसणं ही गोष्ट अनेक बायकांच्या हिशेबात ‘मारहाण’ नव्हतीच. ती संसारातली एक घटना होती. नेमकं विचारल्यावर ती मोजणीत आली. पाहण्यांच्या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हाच आहे. जे आपल्याला नेहमीचं वाटतं, ते आपण सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं आहे हेच आपल्या ध्यानात नसतं. पुढच्या फेऱ्यांत प्रश्नांची ही पद्धत कायम राहिली, म्हणून पुढचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. शारीरिक आणि लैंगिक मिळून नवऱ्याची हिंसा सोसलेल्या स्त्रिया २००५-०६ मध्ये ३७ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये ३१, आणि पाचव्या फेरीत २९ टक्के. ही घट मात्र खरी मानायला जागा आहे.

हे प्रश्न विचारताना एक शिस्त पाळली जाते, आणि ती मला प्रश्नांइतकीच मोलाची वाटते. एका घरातल्या एकाच स्त्रीला हिंसेबद्दल विचारायचं. सासू आणि सून दोघींना विचारलं, तर रात्री घरात त्याची चर्चा होणार. विचारणारी स्त्रीच असली पाहिजे. आणि खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. एकांत मिळत नसेल, तर तो भाग विचारायचाच नाही, कोरा सोडायचा. एखादं उत्तर मिळालं नाही तरी चालेल, पण त्या उत्तरापायी बाईला मार बसता कामा नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या घरांची रचना डोळ्यांपुढे आणा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, वाड्यातली ओसरी, गावातलं एकच दार असलेलं घर. तिथे सुनेला एकटीला अर्धा तास मिळवून देणं हे पाहणीतलं सर्वांत अवघड काम आहे.

त्या अर्ध्या तासात काय बाहेर येतं? २०१५-१६ च्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांनी मदत मागितली, त्यांतल्या बहुतेकींनी माहेर गाठलं. पोलिसांकडे गेल्या त्यांतल्या ३ टक्के. हिशेब करून पाहा. हिंसा सोसणाऱ्या हजार बायकांमागे मदत मागणाऱ्या १४०, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या चार-पाच. उरलेल्या नऊशे पंच्याण्णव जणी कुठल्याच गुन्ह्याच्या नोंदीत सापडणार नाहीत. पोलिसांचे आकडे पाहून एखाद्या जिल्ह्यात बायका सुखी आहेत असं म्हणणं किती पोकळ आहे, हे यातून कळतं. दवाखान्याची पायरी मात्र या बायका चढतात. ‘पडले’ म्हणतात, ‘दारावर आपटले’ म्हणतात. या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. तिथे परिचारिका आणि डॉक्टर यांना हेच शिकवलं गेलं की, असा घाव दिसला तर बाईला बाजूला घेऊन, एकटीला, नेमकं विचारा. पाहणीची पद्धत आणि रुग्णालयाची पद्धत इथे एकाच शहाणपणावर येऊन पोचतात.

नेमकं विचारण्याचं महत्त्व केवळ हिंसेपुरतं नाही. संडासाचंच घ्या. ‘घरात संडास आहे का’ याला घरातला कर्ता पुरुष ‘आहे’ म्हणून उत्तर देतो आणि घर हागणदारीमुक्त म्हणून गणलं जातं. २०१४ मध्ये उत्तर भारतातल्या पाच राज्यांत संशोधकांच्या एका गटानं घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगळं विचारलं, की तो कुठे जातो. वापरण्याजोगा संडास असलेल्या घरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक घरांत निदान एक माणूस उघड्यावर जात होता. अनुदान मोजायचं असेल तर पहिला प्रश्न पुरेसा आहे, रोगराई मोजायची असेल तर दुसराच विचारावा लागतो.

अस्पृश्यतेच्या बाबतीत तर प्रश्नाची बांधणी फार विचारपूर्वक करावी लागते, कारण ती कायद्यानं गुन्हा आहे. २०११-१२ मध्ये दिल्लीची एनसीएईआर ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी सुमारे ४२ हजार घरांची पाहणी केली. आधी सरळ विचारलं, तुमच्या घरात कुणी शिवाशिव पाळतं का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारलं, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्यानं तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून २७ टक्के घरांनी शिवाशिवीची कबुली दिली. मध्य प्रदेशात ५३ टक्के, हिमाचल प्रदेशात ५० टक्के, पश्चिम बंगालमध्ये १, केरळमध्ये २ आणि महाराष्ट्रात ४ टक्के.

इथे थोडं रेंगाळायला हवं. बायकोला मारणं चूक आहे असं सर्वांत ठामपणे सांगणारं हिमाचल, शिवाशिवीच्या कबुलीत देशात वरच्या रांगेत आहे. म्हणजे ‘पुढारलेलं राज्य’ आणि ‘मागासलेलं राज्य’ अशी एकच मोजपट्टी चालत नाही. समाज एका खोलीत उजेड करतो आणि दुसऱ्या खोलीत तसाच अंधारात बसून राहतो.

आणि आपले ४ टक्के? महाराष्ट्रातल्या शंभर घरांपैकी शहाण्णव घरांत दलित माणसाला थेट चुलीपर्यंत जाता येतं, हे ग्रामीण महाराष्ट्र ओळखणाऱ्या कुणालाही सहज पटणार नाही. पण म्हणून आकडा टाकाऊ ठरत नाही. महात्मा फुले, शाहू महाराज, डॉ. आंबेडकर यांच्या चळवळींनी या राज्यात निदान एवढं निश्चित केलं की, अनोळखी माणसासमोर ‘आम्ही शिवाशिव पाळतो’ असं म्हणण्याची लाज वाटू लागली. मध्य प्रदेशातल्या निम्म्या घरांना ती लाज वाटत नाही. लाज वाटणं म्हणजे बदल नव्हे, पण बदलाची ती पहिली पायरी आहे, आणि ती चढायला इथे शंभर वर्षं लागली. खरं मन पाहायचं असेल तर लग्नाचा प्रश्न विचारावा. प्यू रिसर्च सेंटरनं २०१९-२० मध्ये देशभरातल्या सुमारे ३० हजार लोकांशी बोलून जी पाहणी केली, तिच्यात जवळजवळ दोन तृतीयांश भारतीयांनी सांगितलं की, आपल्या समाजातल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे. स्वयंपाकघराबद्दल लाज वाटते, मांडवाबद्दल अजून वाटत नाही.

लोकांना एखादी गोष्ट कळली की ते तसं वागतील, ही आरोग्य खात्यांची जुनी श्रद्धा. पाहण्यांनी तिला पुन्हा पुन्हा धक्का दिला आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत भारतातल्या ९६ टक्के प्रौढांनी सांगितलं की, तंबाखू खाल्ल्यानं गंभीर आजार होतात. म्हणजे प्रचार पोचला, शंभर टक्के पोचला म्हणा ना. त्याच पाहणीत २१ टक्के प्रौढ तंबाखू खात, चघळत, लावत होते. महाराष्ट्रात धूर सोडणारे ४ टक्केही नाहीत, पण तोंडात तंबाखू ठेवणारे २४ टक्के आहेत, आणि राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ही फेरी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली होती. तंबाखू, गुटखा, खैनी, मिश्री असे पदार्थ तिच्यात नाव घेऊन वेगवेगळे विचारले गेले. ते आवश्यकच आहे. सकाळ-संध्याकाळ मिश्रीनं दात घासणारी आजी ‘तू तंबाखू खातेस का’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणेल. अशा माणसांना पुन्हा एकदा कर्करोगाची चित्रं दाखवून काय होणार? त्यांना माहीत आहे. त्यांना सोडायला मदत हवी आहे, आणि ती मिळण्याची ठिकाणं मोजकी आहेत.

कुटुंबनियोजनात तर मत आणि कृती यांच्यातलं हे अंतर सत्तर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. भारतानं १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू केला. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांचा पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मग माहिती, मत आणि वापर अशा तीन गोष्टी विचारणाऱ्या पाहण्यांची लाटच आली. कमी मुलं हवीत का, या प्रश्नाला लोक ‘हो’ म्हणत, आणि मुलं व्हायची थांबत नसत. पंजाबातल्या खन्ना भागात हार्वर्डच्या संशोधकांनी गावकऱ्यांना गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. लोकांनी त्या घेतल्या. महमूद ममदानी या अभ्यासकानं नंतर त्याच भागातल्या एका गावात राहून पाहिलं, तर अनेकांनी त्या वापरल्याच नव्हत्या. इतक्या लांबून आलेल्या, चांगलं बोलणाऱ्या माणसांना नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतल्या होत्या. शेतावर राबायला हात हवेत, म्हातारपणी आधार हवा, हा हिशेब गावकऱ्यांना पक्का ठाऊक होता. तो त्यांना कुणी विचारला नव्हता. पाहुण्याचं मन न मोडण्याची ही आपली चांगली सवय पाहण्यांच्या मुळावर कशी येते, हे १९७२ साली आलेल्या ममदानींच्या पुस्तकानं दाखवून दिलं.

त्याच्याही कितीतरी आधी, कसलीही प्रश्नावली हातात नसताना, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. सभेत ज्यांची छीथू होत होती, त्याच कर्व्यांना वाचक आपल्या लैंगिक आयुष्याबद्दलचे प्रश्न पत्रानं विचारत होते. चारचौघांत बोललेलं मत एक, बंद पाकिटात लिहिलेलं दुसरं. आपल्या समाजाची ही दोन तोंडं कर्व्यांच्या टपालात तेव्हाच उघडी पडली होती.

आजचे आकडे पाहा. पाचव्या फेरीत ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं की, गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषानं त्याची काळजी करण्याचं कारण नाही. म्हणजे उरलेल्या बहुतेकांना ते तसं वाटत नाही. ऐकायला बरं वाटतं. आता त्याच अहवालातलं पुढचं पान उलटा. देशात ३८ टक्के जोडप्यांत बायकोची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आहे, नवऱ्याची झालेली जोडपी ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचा आकडा निम्म्याच्या आसपास आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आहे, कमी धोक्याची आहे, त्याच दिवशी घरी जाता येतं. तरी एका पुरुषामागे शंभराहून अधिक बायका टेबलावर जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पुरुषांच्या मताची किंमत कळत नाही. कुठल्याही पाहणीत लोक काय म्हणाले हे वाचलं, की लोकांनी काय केलं हे शोधायचं, ही सवय मी प्रत्येक वाचकाला लावून घ्यायला सांगेन.

आकडे खोटे नसताना बातमी खोटी कशी होते, त्याचंही उदाहरण याच फेरीनं दिलं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मथळे झळकले की, देशात पहिल्यांदाच बायका पुरुषांपेक्षा जास्त झाल्या, हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया. अनेकांनी आनंद साजरा केला. पण पाहणी आदल्या रात्री घरात झोपलेल्या माणसांची मोजणी करते. कामासाठी परगावी गेलेले, छावण्यांत, वसतिगृहांत, कारखान्यांच्या आवारात राहणारे पुरुष तिच्या यादीत येत नाहीत. २००५-०६ च्या फेरीतही हजाराला हजार असा आकडा होता, आणि त्यानंतर घरोघरी जाऊन झालेल्या २०११ च्या जनगणनेत तो भरला ९४३. ज्या आकड्याकडे पाहायला हवं तो त्याच पानावर होता. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली ९२९. महाराष्ट्रात तो ९२४ वरून ९१३ वर घसरला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्यानं केला होता.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की, मुलींपेक्षा मुलगे जास्त हवेत असं उघड सांगणाऱ्या स्त्रिया याच काळात कमी होत गेल्या. १९९८-९९ मध्ये ३३ टक्के, मग २२, मग १९, आणि आता १५ टक्के. तोंडानं सांगितलेली हौस अर्ध्यावर आली, पाळण्यातलं प्रमाण त्या वेगानं सुधारलं नाही. याचा एक अर्थ असा की, आता पाच मुलगे कुणालाच नकोत. एकच हवा आहे, पण तो हवाच आहे. ‘किती मुलगे हवेत’ हा प्रश्न जुन्या मोठ्या कुटुंबासाठी बनला होता. दोन मुलांच्या घरातली मुलग्याची ओढ मोजायला तो अपुरा पडतो आहे, असं माझं मत आहे. पाहणीचे प्रश्नही वेळोवेळी तपासावे लागतात.

एवढ्या त्रुटी असूनही या पाहण्यांवर माझा विश्वास आहे, आणि त्याचं कारण त्यांची पुनरावृत्ती. एका फेरीतलं उत्तर लाजेनं, भीतीनं, भिडेनं वाकलेलं असू शकतं. पण तोच प्रश्न त्याच पद्धतीनं पाच-सात वर्षांनी विचारला, की वाक जवळपास तोच राहतो आणि मधला बदल दिसतो. पाळीच्या दिवसांत स्वच्छ साधनं वापरणाऱ्या १५ ते २४ वयाच्या मुली २०१५-१६ मध्ये ५८ टक्के होत्या, पाचव्या फेरीत ७७ टक्के झाल्या. आईला जो विषय उच्चारता येत नव्हता, तो मुलगी अनोळखी बाईला न अडखळता सांगते, हा बदल आहे आणि तो मोजला गेला आहे. म्हणून फेऱ्या वेळेवर व्हायला हव्यात, प्रश्न जाहीर असायला हवेत, आणि आकडे कुणाला आवडोत न आवडोत, ते सर्वांना पाहायला मिळायला हवेत.

आपल्याकडूनही एक गोष्ट हवी आहे. कधी पाहणीचं काम करणारी बाई तुमच्या दारात आली, तर तिला हाकलू नका. तिचं ओळखपत्र पाहा, पाणी द्या, वेळ द्या. तुमचं घर यादीतून निघालं आहे, त्याच्या जागी दुसरं घर तिला घेता येत नाही. आणि तिनं तुमच्या सुनेशी, मुलीशी, बायकोशी एकटीशी बोलायचं म्हटलं, तर खोली मोकळी करून बाहेर जा, आणि नंतर ‘काय विचारलं, काय सांगितलंस’ असं विचारू नका.